नाबादकाका आणि लेकीचं बोट

टोपणनाव कुणाला कौतुकाने चिकटत नाही. फरशी बसवणाऱ्या या माणसाला सगळी क्रिकेटवाली मंडळी 'नाबादकाका' म्हणायची, आणि त्यात कौतुक औषधालासुद्धा नव्हतं.

सोमवार ते शनिवार काका लोकांच्या घरांत फरश्या बसवत आणि रविवारी पांढरा कोट घालून अंपायर म्हणून उभे राहत. दोन्ही कामं सरळ रेषेची. फरशी एका टोकाला सूतभर सरकली की दुसऱ्या टोकाला वीतभर वाकडी जाते, हे ज्याला कळतं त्याला चेंडू कुठे टप्पा घेतो आणि कुठे जाणार हे कळायला वेळ लागत नाही. काकांची नजर म्हणजे नजर होती. पण एका रविवारी त्यांनी एका फलंदाजाला पायचीत दिलं आणि तो पठ्ठ्या हलेचना. बॅट त्यांच्या नाकासमोर धरून म्हणाला, "काका, हे काय आहे?" बॅटच्या आतल्या कडेला चेंडूचा ताजा लाल डाग होता. चेंडू आधी बॅटला लागला असेल तर मग तो पायाला लागो नाहीतर डोक्याला, पायचीत होतच नाही. शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं हे. आवाज सगळ्या मैदानाने ऐकला होता. काकांनी ऐकला नव्हता.

कसा ऐकतील? वीस वर्षं फरशी कापायचं यंत्र डाव्या कानाशी किंचाळत होतं. त्या कानाने कधीच राम म्हटला होता. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला न सांगता माहीत होतं, कारण तिने हाक मारली की ओ यायची ती तिसऱ्या खेपेला.

त्या रविवारनंतर अख्ख्या हंगामात काकांनी एकही पायचीत दिलं नाही. चेंडू मधल्या स्टंपसमोर पायावर आदळायचा, गोलंदाज गळा फाटेस्तोवर ओरडायचे, आणि काका मान हलवायचे. नाबाद. पुन्हा नाबाद. बोट जणू कोटाच्या खिशाला शिवून टाकलं होतं. लाज माणसाला किती भित्रं करते ते बघा. टोपणनाव पडलं ते तेव्हाच, आणि पुढे काका सावरले, चांगले निर्णय देऊ लागले, तरी नाव काही सुटलं नाही.

आता लेकीचं सांगायचं. ही त्यांची एकुलती एक. एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते आणि दिवसभर लोकांची भांडणं न चिडता मिटवते. बारा वर्षांची असताना तिने विचारलं, "बाबा, पायचीत म्हणजे नक्की काय?" काका त्या दिवशी कामाला गेले नाहीत. स्वयंपाकघरातली फरशी त्यांनी स्वतः बसवलेली, एक एक फुटाची, सांधे कसे रेषेत. त्यांनी एका टोकाला तीन बाटल्या उभ्या केल्या. बायकोला हाताला धरून बाटल्यांसमोर आणलं आणि तिच्या हातात लाटणं दिलं.

"मला काय कामं नाहीत का?" ती म्हणाली.

"अगं, दोन मिनिटं. तू फलंदाज."

चेंडू म्हणून मोज्यांचा गोळा केला होता, कारण खालच्या मजल्यावरचे आजोबा जरा खट्ट झालं की छताला काठी ठोकायचे. काकांनी गोळा टाकला. तो बायकोच्या पायावर बसला.

"आता बघ," ते लेकीला म्हणाले. "स्वतःला तीन प्रश्न विचारायचे, आणि ओळीने विचारायचे. चेंडूचा टप्पा कुठे पडला? तिच्या पायांमागच्या बाजूला, म्हणजे लेग स्टंपच्याही बाहेर पडला असेल तर विषय तिथेच संपला. नाबाद. दुसरं, पायाला लागला तेव्हा चेंडू बाटल्यांच्या रेषेत होता का? ऑफच्या बाहेर लागला असेल तर एकच बघायचं, तिने लाटणं फिरवलं होतं का. फिरवलं असेल तर नाबाद. नुसताच पाय पुढे केला असेल तर मात्र सुटका नाही. आणि तिसरं, पाय मध्ये नसता तर चेंडू बाटलीला लागला असता का? तिन्हीला हो आलं तरच बोट वर."

लेकीने वाकून सांधे बघितले. मग बोट वर केलं.

"आऊट? मी?" आई म्हणाली. "माझा पाय केवढा पुढे होता! बाप तसा, लेक तशी. मी आऊट असेन तर आजचा स्वयंपाक तुम्हीच दोघं करा."

हे पुढे कित्येक वर्षं चाललं. आई हजारदा तरी पायचीत झाली असेल. लेक अंपायरच्या परीक्षेला बसली आणि पहिली आली. पुरुषांच्या लीगमध्ये उभी राहणारी ती पहिलीच बाई. खेळाडू आधी तिला 'ताई' म्हणाले, मग 'मॅडम', मग मुकाट्याने निर्णय मानू लागले. काकांचे गुडघे तोवर कामातून गेले होते. तीस वर्षं जमिनीवर बसून काढल्यावर आणखी काय होणार? म्हणून त्यांनी टीव्ही अंपायरचा अभ्यासक्रम केला, खुर्चीत बसून पडद्यावर निर्णय तपासायचा. पण त्यांच्या लीगमध्ये कॅमेरेच नव्हते, तेव्हा ते शिक्षण कागदावरच राहिलं.

त्या वर्षी कुणा प्रायोजकाने पैसे दिले आणि अंतिम सामन्याला पहिल्यांदा कॅमेरे लागले. एका बाजूला वीजवाले, दुसऱ्या बाजूला पोस्टवाले. मैदानावर दोन अंपायर: एक गणिताचे मास्तर आणि दुसरी काकांची लेक. या सामन्यानंतर दोघांपैकी एकालाच वरच्या पॅनेलवर बढती मिळणार होती, म्हणजे मोठे सामने, मोठी मैदानं. ज्याचा निर्णय रिव्ह्यूत बदलेल त्याची अहवालात नोंद होणार, आणि निवड समिती आधी तोच रकाना वाचते हे सगळ्यांना माहीत होतं. अहवाल लिहायचा टीव्ही अंपायरने, स्वतःच्या हाताने.

नेमलेला टीव्ही अंपायर त्या दिवशी सकाळी न्हाणीघरात घसरला. सामनाधिकाऱ्यांनी काकांना फोन केला.

"मी तिचा बाप आहे, साहेब," काका म्हणाले. "मला नका बसवू."

"दुसरा माणूस नाही. दोन्ही कप्तानांना विचारलंय मी."

कप्तानांनी म्हणे हसून होकार दिला होता. 'नाबादकाका ना? चालतील की. ते लेकीला पण नाबादच देतील.'

मैदानात उतरण्याआधी लेक त्यांच्यापाशी आली. टोपी नीट केली आणि म्हणाली, "बसा वर. पण बापासारखं बसू नका."

"मग कसं बसू?"

"अंपायरसारखं."

खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर होती. आत दोन पडदे, एक खडखडणारा पंखा आणि चष्मा कपाळावर चढवून बसलेला एक पोक्त यंत्रवाला. काकांनी हेडफोन चढवला आणि आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. यंत्रवाला चमकून बघू लागला, तर म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा हो."

पहिला डाव निभावला. दुसऱ्या डावात पोस्टवाले धावांचा पाठलाग करत होते. तीस चेंडूंत अडतीस हव्या होत्या आणि त्यांचा कप्तान खेळत होता. वीजवाल्यांचा उंच गोलंदाज, त्याला सगळे लांब्या म्हणत, धावत आला. चेंडू आत वळला आणि कप्तानाच्या पॅडवर धाडकन बसला. अकरा जणांनी एकदम आरोळी ठोकली. लेकीचं बोट ताबडतोब वर गेलं. आणि कप्तानाने त्याच क्षणी एका हातावर दुसरा हात आडवा धरून रिव्ह्यू मागितला.

"टीव्ही अंपायर," तिचा आवाज हेडफोनमध्ये आला. अगदी कोरडा, खिडकीवरचा. "मैदानावरचा निर्णय आऊट, पायचीत. फलंदाजाने रिव्ह्यू घेतलाय."

"ऐकलं," काका म्हणाले. "आधी गोलंदाजाचा पाय बघतो."

पाय रेषेच्या आत होता. नो-बॉल नाही. आता बॅट. पडद्यावर चेंडू मुंगीच्या चालीने पुढे सरकू लागला आणि खाली आवाजाची सपाट रेघ सरकू लागली. चेंडू बॅटच्या आतल्या कडेजवळून गेला. रेघेवर एक बारीकसा सुळका उठला आणि विरला.

काका पडद्यावर वाकले.

"पुढचं तयार आहे," यंत्रवाला म्हणाला. "टप्पा रेषेत, पायाला रेषेत, स्टंपला लागतोय. तिन्ही लाल, म्हणजे आऊटच. काय नजर आहे हो पोरीची!"

"थांबा. तो सुळका परत दाखवा."

"बॅट पॅडला घासली असेल, त्याचा आवाज असणार. तुम्ही म्हणाल तसं. मी आपला बटण दाबणारा."

बॅट पॅडला घासली असेल. एवढंच म्हणायचं होतं. ठोस पुरावा नाही, निर्णय कायम. खोलीत कुणी तिसरं नव्हतं, आणि यंत्रवाला तर आपण होऊन पळवाट दाखवत होता. अहवालातला रकाना कोरा राहिला असता आणि लेक वर गेली असती. काकांनी डोळे पुसले, घाम होता म्हणून. त्यांना आठवला तो लाल डागाची बॅट नाकासमोर धरणारा पठ्ठ्या. बापलेकीची चूक तीच, जशीच्या तशी. आणि का नसावी? तिला शिकवलं कुणी? मोज्यांच्या गोळ्याने शिकवलं. मोजा लाटण्याला लागला काय आणि नाही काय, आवाज कुठून येणार? रेषा बघायला शिकवलं, ऐकायला कधी शिकवलंच नाही, कारण बापाला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं. आपला बहिरा कान आपण पोरीला देऊन बसलो, असं वाटून त्यांना स्वतःची चीड आली.

"एक एक चित्र पुढे घ्या," ते म्हणाले. "बॅट आणि पॅडमध्ये बघू दे."

चित्र सरकलं. सुळका उठला त्या क्षणी बॅट आणि पॅडमध्ये दोन बोटांची फट स्वच्छ दिसत होती. बॅट पॅडला लागलेलीच नव्हती. तो आवाज चेंडूचाच होता.

"बॅटला लागलाय," काका म्हणाले, आणि आवाज फुटू नये म्हणून सावकाश बोलले. "मैदानावरच्या अंपायर, तुमचा निर्णय बदला. नाबाद."

यंत्रवाल्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि काकांकडे नीट पाहिलं.

पडद्यावर लेक दिसत होती. तिने दोन्ही हात छातीवर आडवे नेऊन खांद्यांना लावले, निर्णय मागे घेतल्याची खूण, आणि मान हलवून नाबाद दिलं. हात चोरून नाही, सगळ्या मैदानाला दिसेल असे. वीजवाल्यांमधून कुणीतरी ओरडलं, "अहो मॅडम, घरीच विचारून यायचं ना!" मैदान हसलं. तिने चेंडू गोलंदाजाकडे दिला आणि जागेवर जाऊन उभी राहिली.

पुढच्या चार षटकांत काकांचा जीव टांगणीला लागला होता, आणि सामना कोण जिंकतं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. अहवालात एक नोंद झाली, झाली. पण आता हिचं बोट शिवलं जाणार, ही एकच भीती त्यांना खात होती. आपला एक अख्खा हंगाम त्या भीतीत गेला होता. अंपायर एकदा भ्यायला की तो तिथे उभा असून नसल्यासारखा. एकदा चेंडू पॅडला लागला, लांब्याने विचारलं, तिने नाही म्हटलं. चेंडू लेगच्या बाहेर पडला होता, निर्णय बरोबरच होता. पण काकांना वाटलं, झालं. भ्यायली.

सुटलेल्या कप्तानाने मात्र हाणामारी केली. भराभर गडी पडत गेले आणि हा एकटा लढत राहिला. सामना शेवटच्या दोन चेंडूंवर आला. तीन धावा हव्यात, शेवटची जोडी, समोर कप्तान आणि गोलंदाज पुन्हा लांब्याच.

चेंडू आत आला. कप्तान मागे सरकला, बॅट फिरवली, आणि चेंडू मागच्या पॅडवर बसला. वीजवाले सगळे तिच्याकडे धावत सुटले.

बोट वर गेलं नाही.

काका खुर्चीतून अर्धे उठले. पडद्यावर ती नुसती उभी होती. लांब्या गुडघ्यांवर बसून ओरडत होता, पोस्टवाले बाहेरून "नाही! नाही!" करत होते. ती कुणाकडेच बघत नव्हती. एक सेकंद गेला, दोन गेले. काकांच्या लक्षात आलं की ती घाबरलेली दिसत नाही. ती आठवत होती, आवाज आला होता का. आणि मग तिचा हात सरळ वर गेला, बोट आभाळाकडे.

"अगं माझे बाय!" काका खोलीत ओरडले. यंत्रवाला दचकला.

कप्तानाने अर्थातच रिव्ह्यू मागितला. रिव्ह्यू शिल्लक होता आणि सामना जात होता, कोण नाही मागणार?

"मैदानावरचा निर्णय आऊट, पायचीत," तिचा आवाज तोच, खिडकीवरचा.

"ऐकलं. पाय बघतो."

पाय ठीक. बॅटच्या जवळ रेघ सपाट, टाचणीएवढाही सुळका नाही. काकांनी तरी तीनदा बघितलं. मग टप्पा. रेषेत, लाल. पायाला लागला, रेषेत, लाल. आणि तिसरं चित्र आलं. चेंडू लेग स्टंपला लागत होता, पण कडेने, त्याचा अर्ध्याहून कमी भाग. अशा वेळी यंत्र म्हणतं, मला नका विचारू, मैदानावरच्या अंपायरने जे दिलं असेल तेच धरा. तिने आऊट म्हटलं असेल तर आऊट. भिऊन मान हलवली असती तर नाबाद, आणि यंत्राने त्यालाही मान डोलावली असती. हा गडी तिने बाद केला होता, तिच्या नजरेने आणि तिच्या छातीने.

"अंपायर्स कॉल," काका म्हणाले. "तुमचा निर्णय कायम. आऊट." या वेळी आवाज फुटला तो फुटलाच.

वीजवाले जिंकले. खाली गुलाल नाही की काही नाही, नुसता आरडाओरडा. काका अहवाल लिहायला बसले. 'बदललेले निर्णय' या रकान्यात त्यांनी लेकीचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि कारण लिहिलं: चेंडू आधी बॅटला लागला, मैदानावरच्या अंपायरने ऐकला नाही. शब्द सौम्य करावा असं एकदा मनात आलं. नाही केला.

सामनाधिकारी आले. उभ्याउभ्या अहवाल वाचला, दुसऱ्यांदा वाचला.

"हे तुम्हीच लिहिलंत?"

"झालं तेच लिहिलंय."

"हं. मग मीही झालं ते लिहितो." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि खाली लिहिलं: एक निर्णय बदलल्यानंतर अंतिम क्षणी न डगमगता दिलेला अचूक निर्णय. वरच्या पॅनेलसाठी शिफारस. सही केली. "समितीत माझं मत मोजतात. मास्तर चांगले आहेत, पण मास्तरांकडे आज दोन जवळची अपिलं होती, दोन्हीला त्यांनी मान हलवली. कुणी रिव्ह्यू घेतला नाही, पण पडद्यावर दोन्ही आऊट होती." एवढं बोलून ते जिना उतरले.

थोड्या वेळाने लेक वर आली. टोपीवर घामाचा पट्टा उमटला होता. तिने अहवाल उचलला आणि वाचला. वरचं बापाचं अक्षर, खालची शिफारस.

"ऐकला नाही, असं लिहिलंत," ती म्हणाली.

"चूक माझी आहे. तुला ऐकायला मी शिकवलंच नाही."

"आता शिकेन की. त्यात काय?" तिने कागद खाली ठेवला. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, शेवटच्या वेळी मी घाबरले होते हां. तुम्हाला सांगते, हात उचलवत नव्हता. मग मनात आलं, वर बाबा बसलेत. माझं चुकलं असेल तर ते मला वाचवणार नाहीत, चूक तिथल्या तिथे निस्तरतील. मग मला कशाला भ्यायचं? तेव्हा कुठे हात उचलला."

आपल्या वेळी वर कुणी नव्हतं, एवढंच काकांच्या डोक्यात आलं. मग त्यांनी तिच्या टोपीवर एक टपली मारली आणि हेडफोन काढून ठेवायला विसरले, तो तसाच गळ्यात घेऊन निघाले.

सोमवारी ते एका घरी न्हाणीच्या फरशीचं काम बघायला गेले. घरमालक क्रिकेटचा वेडा. चेहरा पाडून म्हणाला, "काका, वाईट वाटलं हो. तुमच्या लेकीचा निर्णय बदलला म्हणे अंतिम सामन्यात?"

"म्हणे काय? मीच बदलला!" काका छाती फुगवून म्हणाले. "टीव्हीच्या खोलीत मीच होतो. बसा, सगळं सांगतो."

फरशीचं काम त्या दिवशी दुपारनंतर सुरू झालं.